आयआरक्यू १९ 'नोबडी केअर्ड' म्हणून बंद पडतो: एकाच लाइनवर सिरियल कार्ड आणि डीएक्यू कार्ड

अंबड_बेंच (प्रश्न)

अंबड एमआयडीसीतल्या एका लीकेज टेस्ट बेंचचा इंडस्ट्रियल पीसी आहे. प्रोसेसर चार कोअरचा, डेबियन ११ लिनक्स, कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१०. बॅकप्लेनवर पाच पीसीआय स्लॉट आहेत आणि ते सगळे एका पीसीआयई-ते-पीसीआय ब्रिजच्या मागे येतात. पहिल्या स्लॉटमध्ये चार पोर्टचं आरएस-४८५ कार्ड आहे (१६५५० सुसंगत, १६ बाइटची फिफो, म्हणजे आलेला डेटा थांबवून ठेवणारी कार्डावरची छोटी रांग). पाचव्या स्लॉटमध्ये १६ चॅनलचं अॅनलॉग इनपुट कार्ड आहे, म्हणजे डीएक्यू. मधले तीन स्लॉट रिकामे आहेत. केबलला जागा मिळावी म्हणून कार्डं दोन टोकांना लावली आहेत.

सिरियल कार्ड कर्नलच्या नेहमीच्या ८२५० ड्रायव्हरवर चालतं. डीएक्यूचा ड्रायव्हर कर्नलबाहेरचा आहे. त्याचा सोर्स हाताशी आहे. तो मुळात २.६ कर्नलसाठी लिहिलेला होता, नंतर ५.१० वर आणला. दर चॅनलला १ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग, कार्डवर १०२४ सॅम्पलची फिफो, आणि फिफो अर्धी भरली की इंटरप्ट येतो, म्हणजे कार्ड आपल्या आयआरक्यू लाइनवरून प्रोसेसरचं लक्ष वेधतं.

सुरू केल्यावर काही तास सगळं व्यवस्थित चालतं. मग डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) हे येतं:

आयआरक्यू १९: नोबडी केअर्ड (ट्राय बूटिंग विथ द 'आयआरक्यूपोल' ऑप्शन)
हँडलर्स: सिरियल८२५०_इंटरप्ट, डीएक्यू_आयएसआर
डिसेबलिंग आयआरक्यू #१९

त्यानंतरची लक्षणं विचित्र आहेत. सिरियल पूर्ण मरत नाही. ९६०० बॉडवर आठ टेंपरेचर कंट्रोलर आहेत, मॉडबस आरटीयू (सिरियल लाइनवरचा औद्योगिक प्रोटोकॉल), प्रत्येकाला सेकंदातून एकदा विचारणा होते. दोन रजिस्टर वाचली तर उत्तर येतं, पण हळू. दहा रजिस्टर वाचली की बहुतेक वेळा सीआरसी एरर, म्हणजे फ्रेमच्या शेवटचा तपासणीचा आकडा जुळत नाही. डीएक्यूचा डेटा तर तुकड्यातुकड्यांत येतो.

आयआरक्यूपोल देऊन पाहिलं. लाइन बंद पडत नाही, पण सॅम्पलच्या वेळा हलतात आणि एक कोअर सतत व्यस्त राहतो. माझे प्रश्न असे: बायोसमध्ये दोन्ही कार्डांना वेगळा आयआरक्यू नंबर देता येईल का? की 'पीसीआय=नोएमएसआय' किंवा 'नोएपिक' द्यावं? दोष कोणत्या कार्डाचा आहे हे कसं ठरवायचं? लॉगमध्ये दोघांचीही नावं आहेत. आणि लाइन कोणत्या वेळी बंद पडली ते पाहिलं, तर गेल्या चार वेळा १५:०४, २३:०६, १५:०५, ०७:०४ अशा आहेत.

---

सातपूर_कर्नल

आधी काय करू नये ते सांगतो, कारण तुम्ही लिहिलेले तिन्ही उपाय नेटवर सर्रास सुचवले जातात.

'पीसीआय=नोएमएसआय' देऊ नका. तुमची दोन्ही जुनी पीसीआय कार्डं तशीही एमएसआय (तारेऐवजी संदेशाने दिलेला इंटरप्ट) वापरत नसणार. या पर्यायाने एवढंच होईल की नेटवर्क, साटा, यूएसबी वगैरे जी उपकरणं एमएसआयवर सुखाने चालली आहेत, तीही १६ ते १९ या लाइनींवर येऊन बसतील. गर्दी वाढेल. 'नोएपिक' त्याहून वाईट. मग मशीन जुन्या ८२५९ इंटरप्ट कंट्रोलर चिपच्या जोडीवर येतं, एकूण १६ इनपुट, त्यातलं एक दुसऱ्या चिपला जोडण्यात जातं आणि बाकीची टायमर, कीबोर्ड, कॉमपोर्ट यांनी आधीच धरलेली.

बायोसमधला आयआरक्यू ५, १०, ११ हा तक्ता त्याच जुन्या व्यवस्थेपुरता आहे. आयओ-एपिक (नंतरचा इंटरप्ट कंट्रोलर) चालू असताना कोणत्या स्लॉटची तार कुठे जाते हे बोर्डाची जोडणी आणि एसीपीआयचा रूटिंग तक्ता ठरवतात. तिथे नंबर बदलून काही हलणार नाही.

आता मूळ गोष्ट. पीसीआयचा इंटरप्ट लेव्हल ट्रिगर असतो. तार वर असते, कार्डाला लक्ष हवं असलं की ते ती खाली ओढतं आणि कारण मिटेपर्यंत ओढून धरतं. एका तारेवर दोन कार्डं असणं हा दोष नाही, पीसीआय त्यासाठीच तसं बनवलं आहे. कर्नल दोन्ही हँडलरना (ड्रायव्हरमधली इंटरप्ट हाताळणारी फंक्शनं) पाळीपाळीने विचारतं, 'तुझा का?' दोघांनीही आयआरक्यू_नन ('माझा नाही') म्हटलं तर तो इंटरप्ट बेवारस. पण तार अजून खालीच आहे, म्हणून लगेच पुन्हा इंटरप्ट. १,००,००० इंटरप्टपैकी ९९,९०० हून जास्त बेवारस निघाले की कर्नल ती लाइन बंद करतं.

दोन बेवारस इंटरप्टमध्ये १०० मिलिसेकंदांहून जास्त अंतर असेल तर बेवारसांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. त्यामुळे अधूनमधून एखादा सुटला तर हा संदेश कधीच येत नाही. तुमच्याकडे तो आला आहे, म्हणजे चार-पाच तास हळूहळू गळती झालेली नाही. एका ठरावीक क्षणी कोणीतरी तार ओढली आणि सोडलीच नाही. तिथून लाखाचा आकडा गाठायला फार तर एखादा सेकंद लागतो.

आणि बरोबर याच क्षणाकडे तुमच्या वेळा बोट दाखवतात. १५:०४, २३:०६, ०७:०४. सात-तीन-अकरा या शिफ्ट बदलल्यावर चार-सहा मिनिटांनी बेंचवर काय चालतं? रिपोर्ट कॉपी, बॅकअप, डेटाबेस बंद-चालू, जे असेल ते सांगा.

हँडलरच्या यादीवरून दोषी ठरवू नका. तिथे फक्त त्या लाइनवर नोंदलेल्यांची नावं असतात. ज्या कार्डाचा ड्रायव्हर लोडच झालेला नाही तेही तार ओढून धरू शकतं, आणि मग यादीत एकटं निरपराध सिरियल दिसतं.

तार कोण ओढतंय हे थेट वाचता येतं. पुढच्या वेळी लाइन बंद पडली की रीबूट करू नका. त्याच आजारी अवस्थेत रूट म्हणून 'एलएसपीसीआय -व्हीव्हीव्ही' चालवा आणि प्रत्येक उपकरणाच्या 'स्टेटस' ओळीच्या शेवटी पाहा. 'आयएनटीएक्स+' असेल तर ते उपकरण या क्षणी तार ओढून आहे. 'आयएनटीएक्स-' म्हणजे सोडलेली. वरच्या 'कंट्रोल' ओळीत 'डिसआयएनटीएक्स+' असेल तर त्याचा लेगसी इंटरप्ट मुळात बंद केलेला आहे, त्याला वगळा.

यात एक अडचण आहे. हा स्टेटस बिट (बिट ३) आणि कमांड रजिस्टरमधला बंद करण्याचा बिट (बिट १०) पीसीआय २.३ पासून आले. त्याआधीच्या नियमांवर बनलेलं कार्ड तार ओढत असतानाही 'आयएनटीएक्स-' दाखवेल. म्हणून 'प्लस' दिसला तर तो पुरावा धरा. 'मायनस' दिसला तर लगेच कार्डाला निर्दोष ठरवू नका.

---

गोदाकाठ_एम्बेडेड

मॉडबसचं कोडं सोडवून देतो, म्हणजे त्या दिशेने वेळ जाणार नाही. वायरिंग, टर्मिनेशन, कंट्रोलर, सगळं ठीक आहे.

लाइन बंद केल्यावर कर्नल त्या लाइनवरच्या हँडलरना वाऱ्यावर सोडत नाही. एक टायमर लावतं आणि दर १०० मिलिसेकंदांनी त्यांना एकदा हाक मारतं. तुमचं सिरियल त्या हाकेवर जगतंय. ९६०० बॉडला एक बाइट १.०४ मिलिसेकंदात येतो, म्हणजे दोन हाकांच्या मधे ९६ बाइट येऊ शकतात आणि फिफोत मावतात १६.

दोन रजिस्टरचं उत्तर किती? पत्ता १, फंक्शन १, मोजणी १, डेटा ४, सीआरसी २, एकूण ९ बाइट. फिफोत बसतं, हाक येईपर्यंत वाट पाहतं आणि शाबूत मिळतं. दहा रजिस्टरचं उत्तर ५ + २० = २५ बाइट. ते २६ मिलिसेकंदांत येऊन संपतं, १६ राहतात, ९ वाहून जातात. हाक नेमकी मधेच पडली तरच पूर्ण फ्रेम मिळते, म्हणून 'बहुतेक वेळा' एरर. पाठवतानाही तेच. ८२५० ड्रायव्हर पाठवायचे बाइट फिफोत भरण्यासाठी इंटरप्टची वाट पाहतो, त्यामुळे विचारणाच हाकेपर्यंत अडकते. एरवी २५-३० मिलिसेकंदांत संपणारा व्यवहार १०० ते २०० वर जातो.

पडताळायला 'प्रॉक / टीटीवाय / ड्रायव्हर / सिरियल' ही फाइल वाचा. त्या पोर्टच्या ओळीत 'ओई' हा आकडा वाढत असेल तर फिफो ओसंडली आहे.

'प्रॉक / इंटरप्ट्स' मधल्या १९ च्या मोजणीवर या काळात विसंबू नका. ती थिजलेली दिसेल, कारण टायमरच्या हाका त्यात धरल्या जात नाहीत. डेटा येतोय आणि मोजणी हलत नाही असं दिसलं की माणूस भलत्याच दिशेला जातो.

डीएक्यूचंही गणित लगेच करून टाकू. १६ चॅनल × १,००० = सेकंदाला १६,००० सॅम्पल. १०२४ ची फिफो ६४ मिलिसेकंदांत भरते. १०० मिलिसेकंदांच्या हाकेवर ती प्रत्येक वेळी ओसंडणारच. तुकडे दिसतात ते यामुळे.

---

अंबड_बेंच

फार उपयोग झाला. आज १५:०५ ला पुन्हा बंद पडलं. रीबूट न करता वाचलं:

०३:०४.० सिरियल कार्ड: कंट्रोलमध्ये डिसआयएनटीएक्स-, स्टेटसमध्ये आयएनटीएक्स-
०३:०८.० डीएक्यू कार्ड: कंट्रोलमध्ये डिसआयएनटीएक्स-, स्टेटसमध्ये आयएनटीएक्स+

दहा मिनिटांत पाच वेळा वाचलं, तेच. शिफ्ट संपली की पाच मिनिटांच्या आत दिवसभराच्या फाइली झिप होऊन सर्व्हरवर जातात, हे खरं आहे. 'ओई' पण वाढतोय.

ड्रायव्हरमधल्या हँडलरचं वर्णन टाकते, कोड मोठा आहे. इंटरप्ट एनेबल रजिस्टरमध्ये प्रोबच्या वेळी (ड्रायव्हर कार्ड ताब्यात घेतो तेव्हा) ३ लिहिलं जातं. हँडलर स्टेटस रजिस्टर वाचतो. बिट ० (अर्धी भरली) शून्य असेल तर आयआरक्यू_नन. एक असेल तर एनेबलमधला बिट ० काढतो, स्टेटसच्या बिट ० वर १ लिहून तो मिटवतो, शेड्यूल_वर्क करतो (उरलेलं काम नंतरसाठी रांगेत टाकतो) आणि आयआरक्यू_हँडल्ड परत देतो. वर्क फंक्शन फिफो रिकामी करतं आणि एनेबलमध्ये पुन्हा ३ लिहितं. कार्डाच्या मॅन्युअलमध्ये बिट १ 'ओव्हररन' असा आहे. दोन्ही बिट लॅच होतात (एकदा लागले की तसेच राहतात), १ लिहिल्यावर मिटतात.

---

सातपूर_कर्नल

मग उत्तर तुमच्याच परिच्छेदात आहे. एनेबलमध्ये ३ लिहून ड्रायव्हरने कार्डाला दोन कारणांसाठी तार ओढायची मुभा दिली. हँडलर ओळखतो एकच कारण.

क्रम असा घडतो. अर्धी भरली, हँडलर आला, बिट ० मिटवला, वर्क रांगेत टाकलं. उरलेल्या ५१२ जागा भरायला ३२ मिलिसेकंद लागतात. एरवी वर्क त्याच्या आत चालतं. शिफ्टनंतर झिप आणि कॉपीची झोड उठली की साधं वर्कक्यू ३२ मिलिसेकंद मागे पडू शकतं, त्याला कोणतीच हमी नसते. फिफो ओसंडते, बिट १ लॅच होतो, कार्ड तार ओढतं. हँडलर येतो, बिट ० शून्य आहे म्हणून 'माझा नाही' म्हणतो. सिरियलही 'माझा नाही' म्हणतं, आणि ते खरंच सांगतंय. बिट १ मिटवणारं कोणी नाही. त्या कोअरवर इंटरप्टचा असा मारा होतो की रांगेतलं वर्क त्याच कोअरवर असेल तर त्याला वेळच मिळत नाही. लाख भरले, लाइन बंद.

'मग हँडलरमधून नेहमी आयआरक्यू_हँडल्ड परत देऊ' हा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. संदेश येणार नाही, तार तशीच खाली राहील, आणि तो कोअर कायमचा अडकेल. आत्ता निदान कर्नल तुम्हाला वाचवतंय.

दुरुस्ती या क्रमाने करा.

१. हँडलरमध्ये स्टेटस वाचल्यावर लगेच पाहा की सगळे बिट १ आहेत का, म्हणजे हेक्समध्ये आठ एफ. कार्ड झोपलेलं असेल किंवा बसवरून गेलं असेल तर वाचन असंच येतं, आणि प्रत्येक बिट 'आपला' वाटतो. तसं असेल तर आयआरक्यू_नन.

२. 'कारण = स्टेटस अँड एनेबल' काढा. नुसत्या स्टेटसवर निर्णय घेऊ नका. आपण मुद्दाम झाकलेल्या बिटवर दुसऱ्याचा इंटरप्ट आपला म्हणून उचलला जातो. कारण शून्य असेल तरच आयआरक्यू_नन.

३. जे बिट वाचले तेवढेच परत लिहून मिटवा. सरसकट सगळे मिटवले तर वाचन आणि लेखन यांच्या मधे आलेला नवा बिट हरवतो.

४. मिटवल्यावर त्याच कार्डाचं एखादं रजिस्टर वाचा. पीसीआयवरचं लेखन ब्रिजमध्ये थांबून राहू शकतं. हँडलर संपला तरी ते कार्डापर्यंत पोचलेलं नसतं, तार खालीच असते आणि एक फुकटचा इंटरप्ट येतो. वाचन केलं की आधीचं लेखन पुढे ढकललं जातं. तुमच्याकडे मधे ब्रिज आहे, त्यामुळे ही पायरी गाळू नका.

५. बिट १ आला तर ओव्हररनचा काउंटर वाढवा, फिफो रीसेट करा, आणि डेटाच्या प्रवाहात 'इथे तुटलं' अशी खूण टाका. ही खूण नसेल तर लीकेजचा ग्राफ सरकतो आणि चांगला भाग नापास होतो किंवा नापास भाग पास होतो. माझ्या मते ही या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. लाइन चालू राहिली एवढ्यावर समाधान मानू नका.

६. शेड्यूल_वर्क काढा. रिक्वेस्ट_थ्रेडेड_आयआरक्यू वापरा आणि पहिला हँडलर स्वतःचा द्या. त्याने वरचे १ ते ४ करून, एनेबलमधला बिट ० काढून आयआरक्यू_वेक_थ्रेड परत द्यायचं. फिफो उपसणं थ्रेडमध्ये. हा थ्रेड फिफो शेड्यूलिंगवर प्राधान्य ५० ला चालतो, झिपसारख्या साध्या प्रोसेसच्या पुढे.

पहिल्या हँडलरच्या जागी नल दिलंत तर वनशॉट फ्लॅग लावावाच लागतो. मग दोन अडचणी: थ्रेड संपेपर्यंत पूर्ण लाइन झाकली जाते, आणि ८२५० ने वनशॉट न मागितल्यामुळे नोंदणीच होत नाही. लॉगमध्ये 'फ्लॅग्ज मिसमॅच आयआरक्यू १९' येईल आणि उणे १६ परत मिळेल. आकडे वाचायची सोय म्हणून: शेअर्ड म्हणजे हेक्स ८०, वनशॉट म्हणजे हेक्स २०००. एका बाजूला ००००२०८० आणि दुसऱ्या बाजूला ००००००८० दिसलं की काय झालं ते कळतं.

---

ओपन_ड्रेन

सहाव्या पायरीत एक खड्डा आहे. बिट ० लॅच होतो तो फिफो अर्ध्याची रेघ खालून वर ओलांडते तेव्हा. थ्रेडने ठरावीक ५१२ सॅम्पल उपसली आणि तेवढ्यात आणखी आली, तर फिफो रेघेच्या खाली जाणारच नाही, नवी ओलांड होणार नाही, आणि इंटरप्ट पुन्हा येणार नाही. वादळाऐवजी मुकेपणा. म्हणून थ्रेडने फिफोची भरलेली संख्या वाचत ती रिकामी होईपर्यंत उपसावं, एनेबल परत लावावं, आणि लावल्यावर पुन्हा एकदा संख्या पाहावी. रेघेवर असेल तर परत फेरी. एनेबल रजिस्टरला आता दोन ठिकाणांहून हात लागतो, तेव्हा स्पिनलॉक हवा, आणि थ्रेडच्या बाजूने तो इंटरप्ट बंद करणारा प्रकार हवा, नाहीतर त्याच कोअरवर हँडलर येऊन लॉकवर अडकेल.

प्रोब आणि रिमूव्हचा क्रमही तपासा. २.६ काळातले बरेच ड्रायव्हर आधी रिक्वेस्ट_आयआरक्यू करतात आणि मग कार्ड रीसेट करतात. शेअर्ड लाइनवर हे धोक्याचं आहे, कारण नोंदणीच्या पुढच्याच क्षणी सिरियलचा इंटरप्ट आला तरी तुमचा हँडलर चालतो, तुमच्या अर्धवट तयार स्ट्रक्चरवर. योग्य क्रम: एनेबलमध्ये ०, जुने लॅच मिटवा, वाचून पुढे ढकला, बफर आणि लॉक तयार करा, मग नोंदणी, आणि सर्वांत शेवटी एनेबल. काढताना उलटा: एनेबल ०, वाचन, फ्री_आयआरक्यू, मग मेमरी सोडा. कर्नल 'डीबग शेअर्ड आयआरक्यू' पर्याय लावून बांधलंत तर फ्री_आयआरक्यूच्या वेळी ते मुद्दाम एकदा हँडलरला बोलावतं. मेमरी आधी सोडणारा ड्रायव्हर तिथेच पकडला जातो.

आणखी एक शक्यता इतर वाचकांसाठी लिहून ठेवतो. तुमच्याकडे 'प्लस' दिसला म्हणून प्रश्न सुटला. काही जणांना सगळीकडे 'मायनस' दिसेल आणि तरीही लाइन जळत असेल. पीसीआयईवर प्रत्यक्ष इंटरप्टची तार नसते. ब्रिज 'ओढली' आणि 'सोडली' असे दोन संदेश पाठवतो. काही ब्रिज चिपमध्ये 'सोडली' हा संदेश क्वचित गहाळ होतो. कार्डाने तार सोडलेली असते, वरच्या बाजूला मात्र ती ओढलेलीच समजली जाते. ड्रायव्हर कितीही चांगला लिहिला तरी 'नोबडी केअर्ड' येतो. ओळखायची खूण: दोन्ही कार्डं पीसीआय २.३ ची आहेत याची खात्री, सगळीकडे 'मायनस', आणि लाइन पुन्हा चालू करताच क्षणात परत बंद. अशा वेळी त्या मागच्या कोणत्याही कार्डाने तार पुन्हा एकदा ओढून सोडली की 'सोडली' संदेश नव्याने जातो आणि लाइन मोकळी होते. हे घडलं तर ब्रिजवर संशय पक्का. त्यावर खरा उपाय हार्डवेअरचा आहे, म्हणजे दुसरी चिप असलेलं बॅकप्लेन, किंवा एमएसआय करणारं पीसीआयई सिरियल कार्ड.

---

गोदाकाठ_एम्बेडेड

ताई, ड्रायव्हर दुरुस्त होईपर्यंत उत्पादन थांबायला नको, म्हणून आजच करता येईल असं.

डीएक्यू कार्ड पाचव्या स्लॉटमधून चौथ्यात हलवा. तुमचे पत्ते ०४ आणि ०८ आहेत. ब्रिजमागे तारा चारच, आणि कार्डाचा डिव्हाइस नंबर भागिले चार करून जी बाकी उरते त्यावर तार ठरते. ४ ची बाकी ०, ८ चीही बाकी ०. दोन टोकांना लावलेली कार्डं म्हणूनच एका तारेवर आली. चौथा स्लॉट ०७ असेल तर बाकी ३, तार वेगळी. बंद करून, प्लग काढून, अर्धा मिनिट थांबून हलवा. सुरू झाल्यावर 'प्रॉक / इंटरप्ट्स' मध्ये दोघांचे नंबर वेगळे आलेत का आणि नव्या लाइनवर आधीपासून कोणी आहे का ते पाहा. तिथे जुना यूएसबी कंट्रोलर असेल तर दुसरा किंवा तिसरा स्लॉट घ्या.

यामुळे डीएक्यूचा दोष जाणार नाही. त्याची लाइन शिफ्टनंतर बंद पडेलच, पण मॉडबस वाचेल.

लाइन बंद पडल्यावर रीबूटचीही गरज नाही. डीएक्यूचं मॉड्यूल आरएममॉडने काढून मॉडप्रोबने परत घाला. शेअर्ड लाइनवर नवा हँडलर नोंदला की कर्नल त्या लाइनला पुन्हा एक संधी देतं. मात्र नोंदणीच्या आधी बिट १ मिटवलेला असला पाहिजे, नाहीतर सेकंदाभरात पुन्हा तेच. वर ओपन_ड्रेन यांनी सांगितलेला क्रम इथेही लागू.

आणि कॉपीचं काम 'आयनाइस'ने निष्क्रिय वर्गात टाका आणि नाइस १९ द्या. त्याने ओव्हररन कमी होतील. शून्य होतीलच असं धरून चालू नका.

---

सिन्नर_मेंटेनन्स

धाग्याला जोडून एक. आमच्या बाजूच्या काही बेंचवर अशीच कार्डं विंडोजवर आहेत. तिथे तार कोण ओढतंय हे पाहायची सोय आहे का? आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये काही आयआरक्यू ४२९४९६७२९४ असे दिसतात, ते बिघडलेत का?

---

सातपूर_कर्नल

बिघडलेले नाहीत. तो उणे २ आहे, चिन्ह न धरता छापलेला. असे आकडे म्हणजे ते उपकरण एमएसआयवर आहे, लाइन वाटून घेत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'व्ह्यू' मधून 'रिसोर्सेस बाय कनेक्शन' निवडा, 'इंटरप्ट रिक्वेस्ट' उघडा, आणि ज्या छोट्या नंबरवर दोन नावं आहेत तिथे लक्ष द्या. ड्रायव्हरचा नियम तोच: आयएसआरने (इंटरप्ट हँडलरने) आपलं कारण नसेल तर फॉल्स परत द्यायचं, असेल तर कार्डावर मिटवून ट्रू.

लिनक्सवाल्यांसाठी एक सूचना राहिली. 'नोबडी केअर्ड' आला नाही म्हणजे वादळ नाही, असं समजू नका. लाखात १०० किंवा जास्त इंटरप्ट खरे निघाले तर कर्नल लाइन बंद करत नाही. समजा डीएक्यू अर्ध्या फिफोऐवजी सोळा चॅनलच्या दर फेरीला इंटरप्ट देत असता, सेकंदाला १,०००, आणि वादळ सेकंदाला दीड लाखाचं. लाखामागे साडेसहाशेच्या वर खरे निघतात. संदेश नाही, फक्त एक कोअर १०० टक्के आणि सगळं मंद. 'प्रॉक / आयआरक्यू / १९ / स्प्युरियस' ही फाइल दर सेकंदाला वाचा. 'अनहँडल्ड' हजारोंनी पळत असेल तर वादळ आहे. दोन-चारवर घुटमळत असेल तर चिंता नको, शेअर्ड लाइनवर तेवढं होतं.

'सिरियल८२५०: टू मच वर्क फॉर आयआरक्यू' हा संदेश वेगळा. तो आला तर दोष यूएआरटीच्या (सिरियल चिपच्या) बाजूला शोधा, डीएक्यूकडे नाही.

---

अंबड_बेंच

कार्ड चौथ्या स्लॉटमध्ये हलवलं. पत्ता ०३:०७.०, आयआरक्यू १८, त्यावर दुसरं कोणी नाही. सिरियल १९ वर एकटं. काल तिन्ही शिफ्टनंतर मॉडबस नीट, दहा रजिस्टरही. १८ मात्र २३:०५ ला बंद पडला, सांगितल्याप्रमाणेच.

आज हँडलर बदलला: स्टेटस अँड एनेबल, वाचलेलेच बिट मिटवणं, वाचून पुढे ढकलणं, थ्रेडमध्ये उपसणं, आणि एनेबलनंतर पुन्हा तपासणी. १५:०० ची कॉपी मुद्दाम आयनाइस न लावता चालवली. लाइन चालू आहे, ओव्हररन काउंटर ०. फिफो रीसेटची वाट तपासायला थ्रेडमध्ये ५० मिलिसेकंदांची झोप घातली, तेव्हा काउंटर वाढला, खूण फाइलमध्ये उतरली आणि लाइन चालू राहिली.

आता १८ साठी एक कोअर राखून ठेवावा का? आयआरक्यूबॅलन्स (इंटरप्ट कोअरांमध्ये वाटणारा प्रोग्रॅम) चालू आहे.

---

ओपन_ड्रेन

सेकंदाला ३१ इंटरप्टसाठी कोअर राखायची गरज नाही. पण झिपपासून दूर ठेवायचा असेल तर आयआरक्यूबॅलन्सला '--बॅनआयआरक्यू=१८' द्या, नाहीतर तुम्ही लावलेली जागा ते थोड्या वेळाने बदलेल. मग 'प्रॉक / आयआरक्यू / १८ / एसएमपी_अॅफिनिटी_लिस्ट' मध्ये ३ लिहा, आणि कॉपीच्या कामाला टास्कसेटने ० ते २ वर बांधा. स्लॉट पुन्हा बदलला तर नंबरही बदलेल, म्हणून स्क्रिप्टमध्ये १८ थेट लिहू नका. कार्डाच्या सिसफसमधल्या 'आयआरक्यू' फाइलीतून तो वाचून घ्या. झोपेची ती ओळ काढायची राहू देऊ नका.